काही त्रास नाही? मग हीच तपासणीची वेळ

तंजावरहून साधारण अर्ध्या तासावर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु नावाचं गाव आहे. संत त्यागराजांची समाधी इथलीच. दरवर्षी पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुतेक वेळा जानेवारीत, शेकडो गायक-वादक समाधीपुढे मांडी घालून बसतात आणि त्यागराजांच्या पाच मोठ्या रचना एका सुरात गातात. टीव्हीवर किंवा मोबाइलवर हा सोहळा तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. त्यात बायका मोठ्या संख्येनं दिसतात.

शंभर वर्षांपूर्वी मात्र इथल्या उत्सवात बायकांना गायला मनाई होती. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं स्वतःच्या कमाईतून समाधीवर मंदिर उभारलं, तरी तिलाही गाता येईना. तेव्हा तिनं बायकांचा वेगळा गट जमवला आणि समाधीच्या मागच्या बाजूला गाणं सुरू केलं. याच नागरत्नम्मांनी १९१० मध्ये मुद्दुपळनी या कवयित्रीचं तेलुगू काव्य पुन्हा छापलं होतं. मुद्दुपळनी ही तंजावरचे मराठा राजे प्रतापसिंह यांच्या दरबारातली. बाईच्या शरीराबद्दल आणि मनाबद्दल तिनं मोकळेपणानं लिहिलं, म्हणून इंग्रज सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. ती उठायला १९४७ साल उजाडलं.

गाणं मोकळं झालं, पुस्तकही मोकळं झालं. पण आपल्या शरीराच्या एका भागाबद्दल आपण आजही कुजबुजतच बोलतो. 'अंगावरून जातंय' एवढं म्हणायलासुद्धा आपल्याला सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर जाण्याची वाट पाहावी लागते. जानेवारी हा गर्भाशयमुखाच्या आरोग्याबद्दल जागृतीचा महिना म्हणून अनेक देशांत पाळला जातो. आणि तिरुवैयारु ज्या जिल्ह्यात आहे, त्या तंजावर जिल्ह्याचं या विषयाशी एक खास नातं आहे. ते पुढे सांगतेच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

हा अवयव नेमका कुठे असतो?

ज्याला आपण 'पिशवी' म्हणतो ते गर्भाशय. त्याचं खालचं, अरुंद तोंड योनीमार्गात उघडतं. तेच गर्भाशयमुख. पाळीचं रक्त इथूनच बाहेर येतं आणि बाळंतपणात हेच तोंड उघडतं. गर्भाशय पोटात खोलवर असतं, पण त्याचं तोंड डॉक्टरांना किंवा नर्सला साध्या उपकरणाच्या मदतीनं डोळ्यांनी पाहता येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी आशा त्यावरच उभी आहे.

भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार जणी त्यानं जातात. त्यांतले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. याचं कारण या आजाराच्या चालीत आहे.

विषाणू येतो, बहुतेक वेळा जातोही

हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांतले १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत असतात.

हा विषाणू शारीरिक संबंधांतून पसरतो, हे वाचून घाबरू नका आणि कोणाकडे बोटही दाखवू नका. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो आयुष्यात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. दहांपैकी नऊ वेळा शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. काही वेळा तो वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. म्हणून तपासणीत एचपीव्ही सापडला, तर तो केव्हा आणि कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही. तो कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. नवऱ्याशी भांडण होईल, सासरी संशय घेतील, या भीतीनं तपासणीच टाळणाऱ्या बायका आहेत. त्यांना हे नक्की सांगा.

ज्या थोड्या बायकांच्या शरीरात विषाणू टिकून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात. त्या बदलाचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीमुळे किंवा अन्य कारणानं प्रतिकारशक्ती कमी असेल तर हा काळ बराच कमी होतो. म्हणजे बहुतेक बायकांच्या हातात कित्येक वर्षांची सवड असते. या काळात बदललेल्या पेशी सापडल्या, तर छोट्याशा उपचारानं काढून टाकता येतात आणि पुढचा कॅन्सर होतच नाही.

अडचण एवढीच की या सगळ्या काळात काहीही दुखत नाही. रक्त जात नाही, ताप येत नाही. तुम्ही शेतात, ऑफिसात, स्वयंपाकघरात नेहमीसारख्या वावरत असता. 'मला काही त्रास नाही, मी कशाला जाऊ?' हे वाक्य इतर अनेक आजारांत चालून जातं, इथे ते महागात पडतं.

तंजावरमध्ये काय झालं?

आता तंजावरची गोष्ट. तामिळनाडू सरकारनं २००७ ते २०१० या काळात थेनी आणि तंजावर या दोन जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीचा प्रायोगिक कार्यक्रम राबवला. मोठ्या शहरातलं हॉस्पिटल किंवा महागडी यंत्रं यांची वाट न पाहता, गावाजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्या बायकांची तपासणी व्हावी, हा त्यामागचा विचार होता. शंका वाटली तर पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. या अनुभवावरून २०१२ पासून हा कार्यक्रम राज्यभर नेण्यात आला.

त्याआधी याच राज्यातल्या दिंडिगल जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, नर्सनी केलेल्या साध्या तपासणीमुळे या कॅन्सरचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तंजावरच्या कार्यक्रमामागे असा भक्कम पुरावा होता.

परिणाम काय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं गेलं, की ही तपासणी कधी केली आहे का? देशभरात शंभरातल्या दोघीसुद्धा 'हो' म्हणाल्या नाहीत. तामिळनाडूत शंभरात साधारण दहाजणी 'हो' म्हणाल्या. तो देशात अगदी वरचा आकडा होता. तरीही त्याचा दुसरा अर्थ असा, की तिथेही दहांपैकी नऊजणी राहूनच गेल्या. केंद्र आहे, नर्स आहे, तपासणी फुकट आहे, आणि तरीही पाऊल उचललं जात नाही. कारणं तुम्हाला-मला चांगली ठाऊक आहेत: लाज, वेळ नसणं, 'घरच्यांना काय सांगू', आणि 'काही निघालं तर?'

बार्शी आणि धाराशिवच्या बायकांनी जगाला काय शिकवलं?

आता आपल्या घराजवळ येऊ. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदी घेणारे कार्यकर्ते गावोगाव जात आणि फक्त नावं लिहून परतत नसत. लोकांना जमवून कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये ते सांगत, तपासायला या म्हणून आग्रह करत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. नुसत्या बोलण्याचा हा परिणाम होता.

पण बोलणं कुठवर पुरतं? याचं उत्तर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातून मिळालं. तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट करून त्यांची चार भागांत विभागणी केली. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या, त्याही आयुष्यात एकदाच. चौथ्या भागातल्या बायकांना फक्त माहिती दिली. आठ वर्षांनंतर हिशोब मांडला, तेव्हा एचपीव्ही तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले होते. फक्त माहिती मिळालेल्या सुमारे ३१ हजार बायकांत ६४.

हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांत त्याचा दाखला दिला जातो. त्या चौथ्या भागातल्या बायकांची तपासणी का केली नाही, असा सवाल पुढे काही जाणकारांनी केला, आणि तो रास्तच आहे. आपण एवढं तरी करू शकतो, की त्या बायकांनी दिलेला धडा वाया जाऊ द्यायचा नाही. माहिती हवीच, पण माहिती कळल्यावर तपासणीच्या टेबलापर्यंत गेलं पाहिजे. हा लेख वाचून तुम्ही मोबाइल बाजूला ठेवलात आणि गेलाच नाहीत, तर तुम्हीही त्या चौथ्या भागातच राहिलात.

मुंबईच्या वस्त्यांमधला टाटा मेमोरियल रुग्णालयाचा अभ्यासही असाच मोलाचा. १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर तो झाला. साध्या शिक्षणाच्या, डॉक्टर नसलेल्या महिला कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तपासणीत नेमकं काय करतात?

'कॅन्सरची तपासणी' म्हटलं की सुई, चिरफाड, भूल असलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. यातलं काहीच नसतं. तीन प्रकार प्रचलित आहेत.

*व्हीआयए:* गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. निष्कर्ष तिथल्या तिथे कळतो. सरकारी केंद्रांत बहुधा हीच तपासणी होते. पाळी गेल्यानंतर मात्र तिचा उपयोग कमी होतो, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो.

*पॅप तपासणी:* मऊ ब्रशनं थोड्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

*एचपीव्ही तपासणी:* यात विषाणूच आहे का ते पाहतात. ही सर्वांत भरवशाची. जागतिक आरोग्य संघटना हीच आधी करावी असं सांगते, ३० व्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी. यासाठीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो. ज्यांना तपासून घ्यायचाच संकोच वाटतो, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

यातली कुठलीही तपासणी काही मिनिटांची असते. थोडं अवघडल्यासारखं वाटतं, फार दुखत नाही. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात कुठलंही औषध वापरू नका आणि गरोदर असाल तर आधीच सांगा. 'तपासायला बाईच असू दे' असं म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि व्हीआयए किंवा पॅप एकदा करून विसरू नका. धाराशिवमध्ये एकदाच केलेल्या या दोन तपासण्यांनी मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नव्हता. मुंबईत व्हीआयए पुन्हा पुन्हा झाली, तिथे फरक दिसला.

'पॉझिटिव्ह' म्हणजे कॅन्सर नव्हे

सगळ्यात जास्त बायका इथे हरवतात. 'पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात जा' असं ऐकलं की काहीजणी रडून घरी येतात, चिठ्ठी कपाटात साडीखाली ठेवतात आणि पुन्हा जातच नाहीत. असं करू नका. पॉझिटिव्ह येणं म्हणजे 'इथे जरा नीट पाहायला हवं' एवढंच. मग डॉक्टर भिंगाच्या उपकरणातून पाहतात आणि गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला पाठवतात. बदललेल्या पेशी निघाल्या, तर त्या थंडीनं गोठवून, उष्णता देऊन किंवा तारेच्या छोट्या कड्यानं काढून टाकतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं. पिशवी काढावी लागत नाही.

तंजावर जिल्ह्यातल्या बाईसाठी हे मोठं ठिकाण म्हणजे तंजावर शहरातलं सरकारी राजा मिरासदार रुग्णालय. बायका आणि मुलांच्या उपचारांसाठी ते ओळखलं जातं. तुमच्यासाठी ते तुमच्या जिल्ह्याचं रुग्णालय असेल. जाताना एकटीनं जाऊ नका. बहीण, मैत्रीण, नवरा, लेक, कुणालातरी सोबत न्या.

भीतीपोटी पिशवी काढू नका

अर्धवट माहिती किती घात करते, ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये उजेडात आलं. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. पोटात दुखतंय, पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकींना 'काढली नाही तर कॅन्सर होईल' असं सांगितलं गेलं होतं.

पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गामुळे असतं आणि औषधानं बरं होतं. कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर तीन प्रश्न विचारा: गर्भाशयमुखाची कोणती तपासणी केली? अहवाल दाखवाल का? औषधानं किंवा छोट्या उपचारानं भागेल का? आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

लेकीची लस

एचपीव्हीपासून संरक्षण देणारी लस आहे. ९ ते १४ हे तिचं उत्तम वय, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याच्या कितीतरी आधी. जागतिक आरोग्य संघटनेनं या वयात एक किंवा दोन डोस चालतील असं सांगितलं आहे. एका डोसच्या पुराव्यात भारतातल्या मुलींवर झालेल्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या 'सर्व्हाव्हॅक' या देशी लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तामिळनाडू सरकारनंही २०२५ च्या अर्थसंकल्पात १४ वर्षांच्या मुलींना ही लस देण्यासाठी तरतूद केली.

मनात शंका येणं साहजिक आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला लसीकरणाचा एक प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवला होता. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण पालकांची संमती नीट न घेतल्याबद्दल कडक टीका झाली. म्हणून प्रश्न जरूर विचारा, समजून घ्या आणि मगच संमती द्या. लस घेतली तरी ३० व्या वर्षानंतरची तपासणी टाळायची नाही, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

घरातल्या प्रत्येकासाठी एकेक काम

- *शाळेतल्या मुलीनं:* आईला विचारावं, 'माझी लस कधी?' संकोच नको.
- *तिशी ओलांडलेल्या ताईनं:* आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात 'गर्भाशयमुखाची तपासणी कोणत्या दिवशी होते?' हे या आठवड्यात विचारावं.
- *एचआयव्हीसह जगणाऱ्या मैत्रिणीनं:* २५ पासूनच तपासणी सुरू करावी. धोका सुमारे सहापट असतो.
- *आजीनं:* पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, मग ते थेंबभर का असेना, तर लगेच सांगावं. 'या वयात काय दाखवायचं' म्हणू नये.
- *प्रत्येकीनं:* दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जाणं, दुर्गंधी येणारा स्राव, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट पाहू नये. थेट डॉक्टरांकडे जावं.
- *नवऱ्यानं, मुलानं:* त्या दिवशी घर सांभाळावं, सोबत जावं आणि सिगारेट-बिडी बंद करावी. धूम्रपानानं हा धोकाही वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये २०३० पर्यंतचं लक्ष्य ठरवलं: १५ व्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के बायकांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी तपासणी, आणि ज्यांच्यात दोष सापडेल त्यांच्यापैकी ९० टक्के जणींवर उपचार. आकडे मोठे वाटतात. आपल्या घरापुरते ते तीन-चार नावांचे असतात. आई, बहीण, वहिनी, लेक.

तेव्हा आज रात्री जेवणं आटोपली की कागद घ्या. घरातल्या प्रत्येक बाईचं नाव लिहा, पुढे वय लिहा, आणि त्याच्या पुढे 'तपासणी झाली' किंवा 'बाकी' असं लिहा. पहिलं नाव स्वतःचं लिहायला विसरू नका. आपण ते नेहमी शेवटी लिहितो.